यादीबाहेरचा शब्द

ड्रॉपरच्या टोकाशी थेंब साधारण दोन सेकंद थांबतो, लांबट होतो, मग सुटतो. रोज सकाळी अम्मीच्या प्रत्येक नाकपुडीत असे दोन.

औषधाला अजून नाव नाही, क्रमांक आहे. प्रयोगशाळेत जोडलेली अमिनो आम्लांची छोटी साखळी. स्मरणावर आणि मनःस्थितीवर तिचा काय परिणाम होतो, याचा अभ्यास अमरावतीत चालू आहे. मी अकोल्यात जीवरसायन शिकवते. संमतीपत्रावर अम्मीच्या वतीने सही मीच केली.

आमचं घर जठारपेठेत, पिंजाऱ्याचं. मागच्या काही वर्षांत कापसाचं काही खरं नव्हतं; खेड्यांतून लग्नाच्या गाद्यांचं काम येईनासं झालं होतं. बार्शीटाकळीची एक ऑर्डर मिळाली, तेव्हा माझा भाऊ शाकीब स्वतःच पोचवायला निघाला. वाटेत मेटाडोर उलटली; तो जिवंत परत आला नाही. अम्मीला तेव्हाच विसर पडू लागला होता. "शाकीब कुठी गेला वं?" ती रोज विचारायची.

"बाजारात," मी जरा थांबून म्हणायचे. ती हसून त्याच्या लग्नाच्या रजईला टाके घालायला बसायची.

थेंबांच्या सहाव्या आठवड्यात तिने विचारणं सोडलं. रजई घडी घालून कोपऱ्यात गेली.

दर शनिवारी घरच्याच माणसाने तिला दहा शब्द वाचून दाखवायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे. स्मरणाचा आकडा तीनवरून आठवर गेला. मनःस्थितीचा दर आठवड्याला खाली. अभ्यासातून बाहेर पडण्याचा अर्ज तीन आठवडे माझ्या पर्समध्ये होता. थेंब बंद केले तर ती पुन्हा हसेल. पण शाकीबसाठी रडणारी मग मी एकटीच उरणार होते.

या शनिवारी तिने नऊ शब्द सांगितले. विहीर, चष्मा, लिंबू... शेवटी म्हणाली, "शाकीब."

यादीबाहेरचा शब्द चूक धरायचा, असा नियम. मी फुली मारली.

"चुकलं काय?"

"यादीत नाही ना, अम्मी."

"पक्की मास्तरीण हायेस."

मी अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. "थेंब बंद केले तर पुन्हा विसरशील. आत्ता तुला समजतंय, म्हणून तुलाच विचारते."

तिने रजई ओढून मांडीवर घेतली, अर्धवट टाक्यावर अंगठा फिरवला.

"बंद कर, बेटा. तो बाजारातच बरा होता. अन मी विचारलं तं लगेच सांगजो. तू थांबतेस ना, तवा मले भेव वाटे."