माझी हवा पाहणारा अंगठा

मी अल्काताईच्या सायकलीच्या मागच्या चाकाचा टायर, पोटात ट्यूब नसलेला. हे आधीच सांगून टाकतो, कारण चिचगडात आल्यापासून निम्म्या गावानं मला त्यावरून वेड्यात काढलं आहे. ट्यूब नाही तर हवा राहते कुठं, हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की शेवटी माझी मलाच शंका येऊ लागली.

हवा राहते माझ्याच पोटात. माझे काठ लोखंडी रिमला घट्ट बसलेले असतात आणि आत ओंजळभर पांढरं दूध असतं. दूध म्हणजे रबराचं पातळ औषध. काटा रुतला की ते भोकाकडे धावतं, तिथंच थिजतं आणि भोक बुजतं. सायकल चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. दुखणं निमूट गिळायचं, हा माझा स्वभावच म्हणा.

माझा जन्म एका कारखान्यात तापलेल्या साच्यात झाला. तिथलं मला उकाड्याखेरीज काही आठवत नाही. पहिला मालक नागपूरचा एक साहेब. डॉक्टरांच्या धाकानं त्यानं सायकल घेतली, चार रविवार चालवली आणि पाचव्या रविवारी गच्चीवर नेऊन ठेवली. माणसं वस्तू टाकून देत नाहीत. 'असू दे' म्हणतात आणि विसरतात. दोन उन्हाळ्यांत माझं दूध सुकून खडखडीत झालं.

मग साहेबानं ती सायकल प्रफुल्लला देऊन टाकली. प्रफुल्ल तिथल्याच सायकलच्या दुकानात कामाला होता. त्याची मोठी बहीण अल्का चिचगडला आशाताई म्हणून काम करायची, म्हणजे गावोगाव फिरून आजाऱ्यांची चौकशी करायची, सरकारी दवाखान्यातली औषधं घरपोच द्यायची. प्रफुल्लनं माझ्यात नवं दूध घातलं आणि २०१४ च्या दिवाळीत सायकल बसच्या टपावर टाकून तिला पाठवली. सोबत दुधाची एक बाटली, हवा मोजायचं छोटं मीटर आणि ताकीद: हवा चाळीस पौंडांच्या वर न्यायची नाही, तीन महिन्यांनी दूध घालायचं. मीटर अल्काताईच्या पिशवीत रजिस्टरांच्या खाली गेलं आणि तिथंच राहिलं.

मीटर लागणार तरी कशाला? बसथांब्याजवळ मोहाच्या झाडाखाली यादोरावांचं पंक्चरचं दुकान होतं. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पाण्याचं घमेलं, पंप आणि पॅच तापवून चिकटवायचा लोखंडी दाब. तीस वर्षं त्यांनी अंगठ्यानं हवा पाहिली होती. टायरवर अंगठा टेकवायचा, डोळे किलकिले करायचे आणि सांगायचं, अजून सहा पंप. माझ्यावर पहिल्यांदा अंगठा टेकवून ते म्हणाले, "माह्या आंगठ्यालेच मीटर हाये." तेवढं एकदाच अल्काताईनं मीटर बाहेर काढून लावलं तर काटा चाळीसवर. गंमत म्हणून सांगत नाही, त्या अंगठ्यानं मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

त्यांनी माझं एकदा नुकसानही केलं, पण तेही प्रेमानंच. वॉल्व्हमधून हवा जात होती म्हणून त्यांनी मला रिमवरून उतरवलं. आत पांढरा चिकट लगदा पाहिला आणि त्यांना वाटलं, आतून सडलो. अर्धा तास साबणानं घासून त्यांनी मला लख्ख धुतलं. दूध सगळं घमेल्यात गेलं. दुसऱ्याच दिवशी जंगलाच्या रस्त्यावर बोरीचा काटा मला भोवला आणि अल्काताईला सायकल हातात धरून सात किलोमीटर चालावं लागलं. प्रफुल्लनं फोनवर समजावून सांगितलं तेव्हा यादोरावांनी दुधाची बाटली मागून घेतली. मग ते दूध स्वतः माझ्यात घातलं. त्या दिवसापासून अल्काताई कुठंही निघाली की ते हातातलं काम टाकून आधी माझ्यावर अंगठा ठेवायचे. म्हणून तर मला ते सगळ्यांच्या आधी कळलं.

पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. अंगठा टेकायचा, पण विचारायचा नाही. नुसता टेकलेला असायचा, दगडावर ठेवल्यासारखा. यादोराव एकदा दाबत, पुन्हा दाबत, मग अंदाजानं पंप मारत. कधी मी इतका ताठ होई की खडीवर उड्या मारी, कधी इतका मऊ की रिम जमिनीला लागे. गावातल्या दोन-तीन ट्यूब फुटल्या. लोक म्हणू लागले, म्हाताऱ्याला आता दिसत नाही. काहींनी तालुक्याच्या गावी, देवरीला जाताना तिकडंच हवा भरायला सुरुवात केली. यादोराव ऐकून घेत आणि उन्हाला दोष देत. डोळे ठीक आहेत हो, अंगठ्याला काही लागत नाही, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण ओरडण्यासाठी आधी फुटावं लागतं, आणि टायर फुटला की त्याचं कुणी ऐकत नाही.

मार्चमध्ये एका सकाळी त्यांनी मला भरायला घेतलं. पंप थांबेना. माझे काठ रिमवरून सुटायला आले. चाकाचा आवाज बदलला तशी अल्काताईनं त्यांचा हात धरला, पिशवी उपसून मीटर काढलं आणि लावलं. काटा सत्तरवर होता.

"काकाजी, चाळीस पायजे."

त्यांनी पुन्हा अंगठा टेकवला. "नरमच हाये ना."

अल्काताईनं आता मीटर सोडून त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. तिथं टपोरा फोड होता, तापल्या दाबाचा. कधी भाजलं, असं तिनं विचारलं. यादोरावांनी तो फोड पहिल्यांदाच पाहिला. अंगठ्याच्या बुडाशी, हाताच्या पाठीवर, फिकट चट्टाही होता. वंगणाखाली तो आजवर कुणाला दिसला नव्हता.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. दरवर्षी ती घरोघर हेच विचारत फिरायची, अंगावर चट्टा आहे का, कुठं बधिर लागतं का. यादोरावांच्या घरीही गेली होती. त्यांच्या बायकोनं, पार्वताबाईनं, घरात सगळे बरे आहेत म्हणून सांगितलं आणि हिनं तसं लिहून घेतलं. ज्या माणसाच्या दुकानापाशी ती रोज थांबायची, त्याला मात्र तिनं एकदाही विचारलं नव्हतं. हे तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं.

"काकाजी, डोरे मिटा. मी पेन लावतो. जिथं लागल तिथं बोट ठेवजा."

यादोरावांनी डोळे मिटले. तिनं पेनाचं टोक चट्ट्यावर टेकवलं. मग अंगठ्यावर. मग पुन्हा चट्ट्यावर, थोडं दाबून. यादोराव शहाण्या मुलासारखे हात पुढं करून वाट पाहत होते.

"अल्का, लावशील कवा?"

तिनं पेनाला टोपण लावलं. "लावून झाला, काकाजी."

त्यांनी डोळे उघडले. कुष्ठरोगाचं नाव तिनं हळू आवाजात घेतलं आणि लगेच सांगितलं की दवाखान्यात औषध फुकट मिळतं, सुरू केलं की दुसऱ्याला लागण होत नाही, वेळेत घेतलं तर हात वाचतो. यादोराव म्हणाले, गावाला कळलं तर माझ्या हाताला सायकल कोण देईल? माणसांची ही सवय मी पाहिली आहे. गाडी नादुरुस्त झाली तर माणसं तिच्याजवळ गोळा होतात, माणूस नादुरुस्त झाला तर एक पाऊल मागं सरतात. अल्काताई मागं सरली नाही. तिनं तोच हात हातात घेतला, फोडावर स्वच्छ फडकं बांधलं आणि त्यांना माझ्याच कॅरिअरवर बसवून दवाखान्यात नेलं. हवा उतरवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही; त्या दिवशी मी सत्तर हवेवर दोघांना वाहून नेलं आणि एकही काटा आत येऊ दिला नाही.

वर्षभर दर महिन्याला गोळ्यांचं पाकीट माझ्यावरूनच आलं. मीटर यादोरावांच्या गळ्यात सुतळीनं लटकू लागलं. आधी अंगठा टेकवायचे, मग मीटरचा आकडा मोठ्यानं वाचायचे. दाब उचलायला हाताला जाड फडकं बांधायचे. हळूहळू गिऱ्हाइकं परत आली. का गेली होती आणि का आली, हे अल्काताईनं कुणाला सांगितलं नाही.

मी मात्र झिजलो. नक्षी पुसली, कडांना भेगा पडल्या, आत दूध टिकेना. प्रफुल्लनं नवा टायर पाठवला आणि यादोरावांनी मला दुकानाच्या खांबावर अडकवलं. दुकानाची खूण म्हणून, असं ते सांगतात. पण रोज दुकान उघडलं की ते माझ्यापाशी येतात, डोळे मिटतात आणि अंगठा टेकवतात. माझ्यात आता हवा नाही, मोजण्यासारखं काही नाही. ते काय मोजतात, हे मला ठाऊक आहे. गोळ्या संपून वर्ष उलटलं तरी अंगठा मुकाच होता. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, गेलेली जाणीव येईलच असं नाही.

काल भर एप्रिलच्या उन्हात माझं काळं अंग तव्यासारखं तापलं होतं. जेवून आल्यावर दुकान पुन्हा उघडताना यादोरावांनी सवयीनं डोळे मिटले, अंगठा टेकवला आणि चटकन मागं घेतला.

त्यांनी अंगठा डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग पुन्हा हळूच टेकवला, पुन्हा मागं घेतला. "तपला रे बापा," एवढंच मला म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

तुमच्या ओळखीच्या हातांनाही कधीतरी विचारा, लागतं का म्हणून. रोज भेटणाऱ्यांना आधी विचारा. माझं म्हणाल तर मी तृप्त आहे. त्या अंगठ्यानं मला पुन्हा विचारलं आणि मला उत्तर देता आलं. आता मला खांबावरून उतरवलं तरी चालेल.