चालू राहिलेला माइक

मित्रांनो, मी अकोल्यातल्या एका महिला महाविद्यालयाचा जुना माइक. अमरावतीच्या दुकानातून मला आणलं, तेव्हा हे कॉलेज भाड्याच्या खोल्यांत भरत होतं. पहिल्यांदाच भाषणाला उभ्या राहिलेल्या कितीतरी मुली माझ्यातून स्वतःचा आवाज ऐकून दचकायच्या, मग खुदकन हसायच्या. पुढे सभागृह झालं, स्नेहसंमेलनं रंगली, माझ्या खणखणीत आवाजाचं कौतुक झालं. मग बिनवायरचे माइक आले आणि माझी रवानगी कपाटात, तबल्याशेजारी झाली.

गेल्या बक्षीस समारंभात नव्या माइकची बॅटरी ऐनवेळी उतरली, म्हणून मला पुसून बाहेर काढलं. मी हरखून गेलो. सूत्रसंचालन गीतांजलीकडे होतं. मी चालू आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. पडद्याआडून ती मैत्रिणीला म्हणाली, "दामिनीची आई बघ, भाजीवाली. थेट पाहुण्यांच्या सोफ्यावर बसलीय. उठवा ना तिला कोणीतरी."

ते शब्द मी शेवटच्या रांगेपर्यंत पोचवले.

जठारपेठेत भाजी विकणाऱ्या पार्वताबाई पदर सावरत उठल्या आणि मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची दामिनी इतिहासात पहिली आली होती, बक्षिसासाठी मंचावर बसली होती. ती उठली नाही. तिनं मान खाली घातली. माझी वायर तिथंच तुटली असती तर बरं, असं मला झालं.

प्राचार्या ललिताबाई इतकंच म्हणाल्या, "गीतांजली, खाली जा."

मला हातात घेऊन, माझी लांब वायर ओढत ती मागे गेली. मला बंद करून हळूच म्हणाली, "काकू, चुकलं माझं."

"मले एकटीले काहून सांगून राहिली, बाई?" पार्वताबाई म्हणाल्या. "जितक्यायनं आयकलं, तितक्यायले सांग."

गीतांजलीनं मला पुन्हा चालू केलं. "मी या काकूंचा अपमान केला. मला लाज वाटते," एवढंच तिला बोलता आलं.

तोवर दामिनी धावत आली. "माय, पुढं चाल. मी तवाच उठाले पाह्यजे होतं."

"राहू दे. इथूनई दिसते मले."

दामिनी तिथंच, आईजवळ उभी राहिली. शेवटी ललिताबाईच बक्षीस घेऊन मागच्या भिंतीपर्यंत चालत आल्या.

मित्रांनो, मला धुळीत टाकू नका, असं मी तुमच्याकडे मागणार होतो; ते आता मागे पडलं. आधी माइक बंद आहे ना ते पाहावं लागेल, असं काही कोणाबद्दल बोलूच नका.