विटलेला लाल

शिवांजलीचं रंगांचं वेड लहानपणापासूनचं. गडहिंग्लजच्या बाजारात आईबरोबर गेली की भाजीपेक्षा रांगोळीच्या ढिगांपाशीच रेंगाळायची. पुढं कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका जाहिरातीच्या ऑफिसात ती डिझायनर म्हणून लागली. फोटो टाकला की त्यातले रंग सुटे करून देणारी एक वेबसाइट तिला भारी आवडायची. पन्हाळ्यावरचं धुकं, गुऱ्हाळातली काहील, काय दिसेल ते ती त्यात टाकायची. प्रत्येक रंगाचा तिथं आकडे-अक्षरांचा एक कोड मिळे, आणि ते कोड तिला नात्यातल्या माणसांच्या नावांसारखे पाठ झाले होते.

हिवाळ्यात खोकला हटेना. तपासणीत क्षय निघाला. ऑफिसात कळलं तर आपला चहाचा कप वेगळा ठेवतील, या भीतीनं तिनं न्यूमोनियाचं सांगून रजा काढली. "डोळ्यांत जरा फरक वाटला तरी त्याच दिवशी या," गोळ्या देताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. खोकला थांबला, अंगावर मांस चढू लागलं. कामावर आल्यावर स्क्रीन जरा फिकी वाटायची. मॉनिटर जुना झालाय, अशी तिनं मनाची समजूत घातली.

मग मिरचीपुडीच्या पाकिटाचं काम आलं. छापलेलं पाकीट ऑफिसचे मालक अमरसिंहांनी तिच्या टेबलावर आपटलं.

"मिरची हाय ही का विटांचा चुरा?"

"दादा, प्रेसवाल्यानं शाई..."

"प्रेसवाल्यानं तू दिलास त्योच रंग छापलाय. मी ताडून बघितलंय की!"

लाल-हिरवा न ओळखणाऱ्या माणसाला चित्र कसं दिसेल, ते दाखवणारी आणखी एक साइट होती. दुसऱ्यांची सोय म्हणून शिवांजली आपलं प्रत्येक डिझाइन त्यातून तपासून घ्यायची. आज मनात पाल चुकचुकली. तिनं टोमॅटोंच्या ढिगाचा एक जुना फोटो त्यात टाकला. डावीकडं मूळ फोटो, उजवीकडं बदललेला. दोन्ही सारखेच दिसले. साइट अडकली असेल म्हणून तिनं पान पुन्हा उघडलं. तरी तेच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या अवंतिकाला हाक मारली.

"ही दोन सारखीच हायत न्हवं?"

अवंतिका हसली. "चेष्टा करतीस व्हय? डावीकडं लालबुंद हायत की. उजवीकडं नुसता चिखल."

शिवांजलीनं पर्स उचलली आणि तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"झाले असतील दोनेक महिने."

"आणि आज येतेयस?" त्यांनी डोळ्यांच्या नसेला बाधणारी एक गोळी तिथल्या तिथं बंद केली, औषध बदलून दिलं. "पुष्कळांची नजर परत येते, बाळ. पण उशीर झालाय. शब्द देत नाही मी."

क्षय बरा झाला. निळा राहिला, पिवळा राहिला. लाल मात्र परतला नाही. काही दिवस तिनं कोडांवर निभावून नेलं. एके दिवशी अमरसिंहांनी दोन नमुने पुढं धरून विचारलं, "ह्यातला चांगला कुठला?" तिला सांगता येईना. मग तिनं सगळंच सांगून टाकलं. ते ओरडले नाहीत. नमुने टेबलावर ठेवत म्हणाले, "तू आता मजकूर जुळवायचं बघ." रंगाची कामं अवंतिकाकडं गेली.

चुलतबहिणीच्या लग्नासाठी अव्वा, म्हणजे तिची आई बसम्मा, गडहिंग्लजहून आली आणि तिला महाद्वार रोडला साडीच्या दुकानात घेऊन गेली. लेकीच्या नजरेचं काही बसम्माला ठाऊक नव्हतं. तिनं एक साडी लेकीच्या खांद्यावर टाकली. "ही घे. लगीनघरात उठून दिसशील."

शिवांजलीनं फोनचा कॅमेरा पदरावर धरला. कोड आला. हा लाल तिला पक्का माहीत होता. समोर दिसत होतं ते मळकट तपकिरी लुगडं.

"म्होरं लुगडं हाय की गं. फोनात काय बघतीस?"

"अव्वा, मला लाल दिसत न्हाय. पुन्ना दिसायचाबी न्हाय."

बसम्मानं लेकीच्या तोंडाकडं पाहिलं. ती थट्टा करत नाही, हे तिला कळलं. तिनं साडी हळूच लेकीच्या खांद्यावरून काढली, घडी घातली आणि दुकानदारापुढं सरकवली.

"ही ऱ्हाऊ दे, पावणं," ती म्हणाली. "निळ्यातलं दाखवा."