पाचवा बार

व्हर्लिन स्कारचा डावा डोळा वीस वर्षांपूर्वी कुंपणाच्या काटेरी तारेने घेतला होता. उरलेल्या एकाच डोळ्याने तो नेम धरी. म्हणून त्याची धाकटी बहीण मारिट दर शनिवारी खडीच्या जुन्या खाणीत त्याच्या उजव्या खांद्यामागे, हाताच्या अंतरावर उभी राही. त्याची काडतुसंही तीच घरी भरायची. उद्या तिथे स्पर्धेसाठी मॉन्टानाभरचे नेमबाज जमणार होते.

"चष्मा वर घे, घसरलाय," ती म्हणाली.

"मारिटबाई, त्याला बार काढू देणार आहात की आधी तोंडी परीक्षा?" मागच्या बाकावरून म्हातारा गस म्हणाला.

"तू कॉफी पी, गस."

व्हर्लिनने कानात बोळे घातले, वर आवाज अडवणारे जाड मफ चढवले. समोर लोखंडी थाळ्या, त्यांच्यामागे मातीचा उंच बांध. गसने वेळ मोजायचं घड्याळ वाजवलं.

व्हर्लिनचा हात शिवणयंत्रासारखा चालू लागला. रायफलच्या चापाखालचा लिव्हर खाली, वर, बार. चार थाळ्या ठणठणल्या. पाचव्या वेळी नुसतं फुस्स झालं. थाळी वाजली नाही, आणि त्याचा खांदाही हलला नाही.

मारिटने ओळखलं. काडतुसात दारूच नव्हती. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते, नुसत्या तिच्या जोराने गोळी नळीत शिरून मध्येच अडकली असणार. आपोआप भरणारी बंदूक अशा वेळी अडून बसते. लिव्हरची रायफल माणसाचा हात चालवतो, आणि हात सवयीचा गुलाम. व्हर्लिनने लिव्हर ओढलाही. आता बार उडाला तर नळी फुटणार होती, त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

"थांब!"

त्याला ऐकू गेलं नाही. नेम चुकला असं वाटून तो पुन्हा निशाण जुळवत होता. दंड धरला असता तर बोट चापावर आवळलं असतं. तिने मागून हात घातला आणि टोपीवर आपटणाऱ्या, उचललेल्या घोड्याखाली अंगठा सरकवला.

घोडा तिच्या नखावर आपटला.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

तिने दुसऱ्या हाताने त्याचा मफ वर केला आणि कानाशी ओरडली, "नळी बांधाकडेच ठेव. चापावरचं बोट काढ. आता रायफल रिकामी कर."

एकेक काडतूस बाहेर पडलं. तिने पितळी सळई तोंडाकडून नळीत घातली. ती अर्ध्यावर अडली. व्हर्लिनने स्वतः ढकलून पाहिली, मग मफ आणि बोळे काढले.

"हे कसं झालं?"

"माझ्याकडून. गुरुवारी. दारू भरताना दारात टपालवाला आला, मी उठले. परत बसले तेव्हा एक गाळलं असणार."

तिच्या अंगठ्यातून रक्त ठिबकत होतं. गसने खिशातला रुमाल पुढे केला.

"उरलेली वजन करून बघता येतील?" व्हर्लिनने विचारलं.

"नाही. दारू चिमूटभर असते. रिकाम्या पितळी नळकांड्यांच्या वजनातच त्याहून जास्त फरक असतो. सगळी फोडून पुन्हा भरायला लागतील, आणि ते एका रात्रीत व्हायचं नाही."

"म्हणजे उद्याचं गेलं."

"गेलं."

त्याने खाली पडलेली काडतुसं गोळा करून डब्यात टाकली.

"मग फोडू," तो म्हणाला. "पण अंगठा आधी डॉक्टरला दाखव. गाडी मी चालवतो."