थोरल्याचा मान

घाटकोपरला आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर उभा आहे, मेट्रोच्या खांबांना अगदी खेटून. खाली दोन मजले दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर गाड्या, आणि गाड्यांच्या वर माणसं. मागच्या अंगाला एक अरुंद इमारत आहे, ती आम्हा जुन्या चाळकऱ्यांसाठी. तिच्या बाविसाव्या मजल्यावर आमचं घर आहे. म्हणजे असायला हवं होतं. ते आमचं नाही, आणि ह्याला बिल्डर जबाबदार नाही, सरकार नाही, कोणी नाही. मी, सुगंधा, जबाबदार आहे.

खोली सासऱ्यांनी गिरणीत असताना घेतलेली. त्यांना दोन मुलगे. थोरले धाकू भावजी लग्नानंतर भांडुपला गेले, तिथे स्वतःची खोली केली. धाकटे शिवदास, म्हणजे आमचे हे. हे इथेच राहिले. अडतीस वर्षं मी त्या दहा बाय बारात संसार केला. सासू-सासरे दोघंही माझ्या हातचं पाणी पिऊन गेले. मुलगी, रुचिरा, तिथेच वाढली आणि तिथूनच वाकोल्याला सासरी गेली. खोलीचा कागद मात्र सासऱ्यांच्याच नावावर राहिला. नाव बदलायचं म्हणजे बाप गेला हे मान्य करायचं, असं काहीतरी ह्यांच्या मनात असावं. किंवा नुसता आळस. आमच्या घरात दोन्ही एकाच डब्यात ठेवतात.

मग बिल्डरची माणसं नव्या घरांसाठी पात्र लोकांची यादी करायला आली. आदल्या दिवशी त्यांच्यातली एक पोरगी, श्रुतिका, घरात बसून नीट समजावून गेली.

"काकी, वारसांपैकी एकाचंच नाव लागणार. राहतं कोण इथे? काका ना? मग अंगठा काकांचा. मोठ्या काकांची फक्त 'हरकत नाही' म्हणून सही आणा. बस, काम झालं."

इतकं सोपं होतं. ह्यांनी संध्याकाळी शर्टाला इस्त्रीसुद्धा केली. आणि मी, शहाणी, चहा देता देता म्हणाले, "थोरले आसताना तुमी पुढे कशे होतल्यात?"

गावी आमच्याकडे थोरल्या घरच्या माणसाचा खांदा लागल्याशिवाय पालखी उठत नाही. देवापुढे नारळ ठेवायचा तो थोरल्याने, गाऱ्हाणं घालायचं ते थोरल्याने, जेवणाचं पहिलं पान थोरल्याचं. धाकट्याने मध्येच हात पुढे केला, तर पुढच्या दहा वर्षांत घरात कोणाचं नुसतं पोट दुखलं तरी गाव म्हणतं, मान चुकला. मी ह्याच भीतीत वाढले. कुलदेवतेपेक्षा मी मानाला जास्त घाबरते.

"पण ती पोरगी सांगी होती..." हे म्हणाले.

"ती पोरगी उद्या जातली. भावजींका तोंड आपणाक दाखवूचा आसा."

फोनही मीच लावला.

दुसऱ्या दिवशी भावजी भांडुपहून आले ते हातात नारळ घेऊनच. अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र टेबलावर मांडलं होतं. भावजींनी त्यापुढे नारळ ठेवला, हात जोडले आणि गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! आज ह्या वास्तूचा जा काय काम हाती घेतलेला आसा, ता तडीक ने रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही दोघं म्हणालो. माझा आवाज ह्यांच्यापेक्षा मोठा होता.

मग भावजींनी यंत्रावर अंगठा ठेवला. ह्यांनी खाली सही केली, हरकत नाही. श्रुतिकाने हळूच विचारलं, "काकी, नक्की ना?" मला तिचा रागच आला. काल आलेली पोरगी, तिला काय कळतंय आमचं!

निघताना भावजी दारात थांबून म्हणाले, "घर शिवाचाच हा. माझो फक्त अंगठो." मनापासून बोलले. तो माणूस खोटं बोलणारा नव्हताच. पण तेवढं कागदावर लिहून द्या, असं म्हणायची आमची काय टाप! थोरल्याकडे कागद मागणं म्हणजे त्याच्या ताटात थुंकणं.

चाळ पाडली. आम्ही मानखुर्दला भाड्याच्या खोलीत गेलो. इमारत दहाव्या मजल्यापर्यंत आली होती तेव्हा भावजी गेले, बसल्या जागी, हार्टने.

त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि आठ दिवसांनी त्यांचा एकुलता एक मुलगा राजेश मानखुर्दला आला. चहा समोर ठेवला, त्याला हात लावेना.

"काका, सुयोगचं लग्न ठरतंय," त्याने आपल्या मुलाची गोष्ट काढली. "मुलगी अंधेरीला कामाला आहे. मेट्रोजवळ घर असेल तरच हो म्हणतायत. भांडुपच्या एका खोलीत आम्हीच तिघं, त्यात सून कुठे राहणार?"

"भावान सांगितल्यान होता..." ह्यांनी सुरुवात केली.

"बाबा बोलले असतील, मी कुठे नाही म्हणतोय? पण यादीत नाव बाबांचं आहे, खाली सही तुमची. मी चोरी केली का, काका? सांगा ना."

चोरी नव्हती केली. तेच तर दुखणं आहे. चोर असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून मी मोकळी झाले असते. ह्यांनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "पोरग्याचा लगीन होऊंदे." राजेश ह्यांच्या पाया पडला आणि रडला. खरंच रडला.

रुचिराने वकील गाठायचं म्हटलं तेव्हा हे एवढंच बोलले, "भावाच्या पोरावर?" आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून आजपर्यंत ते मला एका शब्दाने बोललेले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

गेल्या महिन्यात चाव्या मिळाल्या. राजेश स्वतः टॅक्सी घेऊन मानखुर्दला आला. "काका, बाबांनंतर घरात थोरले तुम्हीच. नारळाचा मान तुमचा." हे आधीच तयार होऊन बसले होते. अंगात तोच शर्ट, तशीच इस्त्री.

लिफ्टने बाविसाव्या मजल्यावर गेलो. खिडकीतून खाली मेट्रो जाताना दिसते. ओट्याला वेगळा नळ आहे, त्याला पाणी आहे. आणि संडास आतच आहे, घरात. अडतीस वर्षं मी चाळीच्या टोकाला डबा घेऊन रांगेत उभी राहिले, पावसात, तापात, रुचिरा पोटात असताना. मी ते दार उघडून आत बघितलं आणि परत लावून घेतलं.

सगळे उंबऱ्याशी गोळा झाले. राजेश, त्याची बायको, सुयोग, आणि आम्ही. ह्यांनी नारळ ठेवला, हात जोडले. आवाज अगदी भावजींसारखा लागला.

"बा देवा म्हाराजा! ह्या घरात राजेशाक, सुयोगाक सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी नुसते ओठ हलवले.

"कोणाची वाकडी नजर, कोणाचो तळतळाट ह्या वास्तूक लागलो आसात, तर तो भायर काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

तळतळाट तिथे एकाच माणसाचा होता. ह्यांना ते ठाऊक होतं. ते पुढचं म्हणेनात. हात जोडलेले तसेच ठेवून त्यांनी मान वळवली आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. गाऱ्हाण्याला घरातलं एक जरी माणूस गप्प राहिलं तरी ते देवापर्यंत जात नाही, हे रुचिराला मीच शिकवलं होतं. राजेश बघत होता, सुयोग बघत होता. मला ओरडून सांगायचं होतं की हे घर माझं आहे.

"व्हय म्हाराजा," मी म्हणाले.

ह्यांनी नारळ उचलला आणि उंबऱ्यावर आपटला. एका फटक्यात फुटला. आमच्यात ते शुभ मानतात.