पाट्यावरची मिरची आणि नवरीचा पाय

मी एक जुना पाटा आहे, मित्रांनो. तमिळ मुलखातल्या नागपट्टणमच्या एका पाथरवटाने मला घडवले. वडिवु नावाच्या नव्या नवरीने मला लुगड्यात गुंडाळून समुद्रापलीकडे मलायातल्या पिनांगला जाणाऱ्या बोटीवर चढवले, तेव्हा सगळे हसले. तिकडे काय दगड मिळत नाहीत, असे तिचा नवराही म्हणाला. वडिवुने कुणाचे ऐकले नाही.

पिनांगला माझ्यावर धने, मिरी, ओले खोबरे वाटले जाई. मग शेजारची मलायी रोकिया गवती चहा आणि आंबवलेल्या कोळंबीचा गोळा घेऊन वाटायला येऊ लागली. पहिल्या दिवशी वडिवुने नाकाला पदर लावला आणि मला तीनदा घासले. पण वर्षभरात तिच्या माशाच्या कालवणात गवती चहा पडू लागला आणि रोकियाच्या कालवणात कढीपत्ता. साऱ्या गल्लीत दोघींचे नाव झाले. किती सुखाचे दिवस होते ते!

पुढे वडिवुच्या सुनेने मिक्सर आणला. मी मोरीजवळच्या अडगळीत गेलो. वडिवु वारली. घर विकायचे ठरले, आणि नात तेन्मोळीचे लग्न झाले की मला देवळामागे टाकून द्यायचे, असेही ठरले. मला फार वाईट वाटले.

लग्नात मात्र आमच्याकडे पाट्यावाचून भागत नाही. नवरी पाट्यावर पाय ठेवते, त्याच्यासारखी खंबीर राहावी म्हणून, आणि तेव्हाच नवरा तिला जोडवी घालतो. आदल्या दिवशी मला बाहेर काढलेले पाहून रोकियाच्या लेकीला, हालिमाला, राहवेना. तिने माझ्यावर आईच्या पद्धतीची मिरची-कोळंबीची चटणी वाटली आणि मला नुसते पाण्याने धुतले. छिन्नीने टाकलेल्या माझ्या खाचांत मिरची तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी लग्नात तेन्मोळीने माझ्यावर पाय ठेवला आणि तो झोंबू लागला. त्यात जोडवी घट्ट, नवरा सेल्वन घामाघूम. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. माहेर सुटतेय बिचारीचे, असे बायका कुजबुजल्या. आता ही मला आजच फेकायला लावणार, या भीतीने माझा जीव अर्धा झाला. पण तिने पाय हलवला नाही. सेल्वनने माझ्यावरची मिरची लागलेल्या बोटांनी डोळ्यांवरचा घाम पुसला आणि तोही रडू लागला.

"काय लागलंय गं या पाट्याला?" त्याने हळूच विचारले.

"हालिमामावशीची मिरची. आजी होती तेव्हा अशीच लागायची." तेन्मोळी रडता रडता हसत होती. "मिक्सरनं कधी असं रडवलंय का? हा पाटा आपल्या घरी न्यायचा."

"तिसरा मजला आहे. लिफ्ट नाही."

"मग सावकाश चढ."

तो चढला. आता दर रविवारी दोघे आळीपाळीने माझ्यावर वाटतात, आणि हालिमा चव सांगायला येते.

मित्रांनो, तुमच्याकडे असा पाटा असेल तर त्याला फेकू नका, वर्षातून एकदा छिन्नीने टाकवून खडबडीत करून घ्या. आणि शेजारी कुणी दुरून राहायला आले असेल, तर त्यांनाही वाटायला बोलवा. आम्हाला त्याचे ओझे होत नाही.