खालच्या पट्टीतला आवाज

उर्वशी मॅडमनी रंजिताचं पोट ओल्या बोळ्यानं घासून कोरडं केलं आणि एकेक चिकटपट्टी दाबून बसवली. प्रत्येक पट्टीतून एक तार निघून उशाशी ठेवलेल्या यंत्रात जात होती. यवतमाळच्या या दवाखान्यात पोटातल्या बाळाला बाहेरचं कितपत ऐकू येतं, याचा अभ्यास चालला होता. आठवा महिना लागलेली रंजिता घाटंजीकडच्या बंजारा तांड्यावरून त्यासाठीच आली होती. बाळाच्या मेंदूतली वीज फार बारीक, बाहेरून जेमतेम सापडायची. हृदयाची मात्र स्वच्छ यायची. स्क्रीनवर दोन रेघा पळत होत्या. वरची आईची, खालची बाळाची.

मॅडम यंत्राकडे वळल्या तसा भारत, म्हणजे रंजिताचा नवरा, तिच्या कानाशी वाकला.

"फाइल गाडीतच इसरली ना? घरी चाल, मंग सांगतो तुले."

यंत्राची टकटक एकदम वाढली. खालची रेघ उसळताना भारतनं पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला.

"मॅडम, पाहा पाहा! माह्या आवाज वळखला पोरानं!"

ओळखला कसला! बिचाऱ्याची पाचावर धारण बसली होती. भारत चहा प्यायला बाहेर गेल्यावर रंजितानं हळूच विचारलं, "मॅडम, कोणाची रेघ आधी उडाली?"

"तुझी. तुझ्यामागून बाळाची." मॅडमनी दार लोटून घेतलं. "घरी त्रास आहे का काही?"

रंजितानं लुगड्याचा पदर पोटावर ओढला.

"पुढल्या खेपेले घरच्याइले आणलं तर चालन का?"

अख्ख्या तांड्यात भारतसारखा गोड बोलणारा माणूस नव्हता. त्याचा आवाज कधी चढायचा नाही, खाली उतरायचा. तो उतरला की रंजिताचा हात पाठीमागे नेऊन पिळला जायचा, तोही असा, की दुसऱ्या दिवशी दाखवायला वळ नाही. एकदा तिनं सासूला, सुखीबाईला, सांगून पाहिलं होतं. "माह्या पोराचा आवाज आजवर कोणी आयकला नाही. उगा बदनाम नको करू," म्हणत सुखीबाई चुलीपुढे जाऊन बसली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, उमरखेडला, व्हायचं. तर भारत नाही म्हणाला. सासरा पूनमसिंग तांड्याचा नायक, दहा घरचे तंटे सोडवणारा. त्यानंही मुलाच्या म्हणण्याला मान डोलावली. आपण तिकडे गेलो की परत यायचं नाही, हे रंजितानं मनाशी कधीच ठरवलं होतं. पण पळून जायचं नव्हतं तिला. या गोडबोल्याला त्याच्या आईबापासमोर उघडं पाडायचं आणि मग जायचं. त्या विचारानंच तिला अलीकडे झोप चांगली लागायची.

त्यासाठी भारतला काही चढवावं लागलं नाही. पोरगं बापाचा आवाज ओळखतं, ही बातमी त्यानं घरोघरी सांगितली होती. रंजिता फक्त एवढंच म्हणाली, "याडीले अन् बाबाले पण नेऊ ना." याडी म्हणजे आई; सासूला ती तसंच म्हणायची.

पुढच्या वेळी चौघं आले. सासऱ्यासमोर रंजिताचा घुंगट कधी सरकला नव्हता, तोंडातून शब्द निघाला नव्हता. त्याच्यापुढे पोट उघडं टाकून निजणं तर दूरच. मॅडमनी खाटेभोवतीचा हिरवा पडदा ओढला आणि पूनमसिंगला पडद्याबाहेर खुर्ची दिली. सुखीबाई आत, रंजिताच्या पायाशी बसली.

"बोल आता, बाप्पा," बाहेरून पूनमसिंग म्हणाला.

भारतनं गळा साफ केला. "बेटा, मी तुह्या बाबा. आयकू येते का?"

टकटक होती तशीच चालू राहिली. त्यानं पुन्हा हाक मारली, लाडानं, लांबवून. रेघ ढिम्म. आज रंजिताला भीतीच वाटत नव्हती. इतके दिवस या घटकेची वाट पाहिली, तर मेली भीती आजच कुठे तोंड काळं करून गेली होती?

"काहून रे? आज वळखत नाही का पोरगं?" पूनमसिंग हसला. सुखीबाईही पदराआड हसली.

भारतचे कान लाल झाले. ते बघून रंजिताला काय करायचं ते उमगलं. तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं आणि हसली. सावकाश, दात दिसतील अशी.

तो खाली वाकला.

"हासतं माह्यावर? मायबापासमोर? घरी चाल. हातच मोडतो आज."

आवाज खालच्या पट्टीतला, पण खोली शांत होती आणि पडदा साध्या कापडाचा. वरची रेघ उडाली, मागोमाग खालची, आणि टकटक धावत सुटली.

"आयकलं ना, बाबा?" भारत ताठ झाला. "वळखला पोरानं!"

मॅडमनी मान वर केली नाही. रंजितानं पायाशी पाहिलं. सुखीबाईचा हात तिच्या घोट्यावर घट्ट आवळला गेला होता आणि म्हातारीच्या तोंडावरचं रक्त उतरलं होतं. तिची नजर मुलाकडे नव्हतीच. ती पडद्याकडे बघत होती.

"मीनंबी वळखला," सुखीबाई पडद्याला म्हणाली. "माही सारी उमर याच आवाजात गेली. तुमी नाही वळखला का? तुमचाच तर हाय."

बाहेर खुर्ची करकरली आणि थांबली.

"याडी, काय बोलून राह्यली तू?" भारत पुढे आला. सुखीबाईनं त्याला हातानं बाजूला सारलं, जणू वाटेत आलेलं वासरू. रंजितानं एका माणसाचा हिशेब चुकता करायचं योजलं होतं. चुकता झाला तो पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या बापलेकांचा. तिला मनापासून बरं वाटलं.

"मॅडम, ह्या तारा काढून द्या," सुखीबाई म्हणाली. "आमाले गाडी धरा लागते."

पूनमसिंग बाहेर खाकरला. नायकाचा आवाज त्यानं कसाबसा जमवला.

"कुठची गाडी?"

सुखीबाई बोलणार, तोच रंजिता कोपरावर उठून बसली.

"उमरखेडची, बाबा," ती म्हणाली. सासऱ्याशी ती आज पहिल्यांदा बोलत होती, आणि चांगली मोठ्यानं बोलली.